मामा, दांडी आणि दहाची बाजी

तुम्ही गेलात, मामा, आणि परवा तुमचा जलदान विधी झाला. हॉल भरला होता. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलायला लागला. एकानं सांगितलं, तुम्ही फार शांत स्वभावाचे होता. मामींनी माझ्याकडं बघितलं, मी मामींकडं बघितलं, आणि आम्हा दोघींना हसू आवरेना. मी ओढणी तोंडावर धरली. लोकांना वाटलं, भाची रडायली. शांत! प्लास्टिकच्या बटणाला आईबापावरून शिव्या देणारा माणूस शांत!

दुसऱ्यानं सांगितलं, मोटर रिवाइंडिंगमध्ये तुमच्यासारखा हात अख्ख्या नांदेडात नव्हता. ते खरंच. पण शेवटची दोन वर्षं तो हात कोणत्या कामाला लागला होता, ते कुणीच बोललं नाही. मला उठावंसं वाटत होतं. पण भंतेजींसमोर उभं राहून 'माझे मामा व्हिडिओ गेममधल्या मारामारीत मला दर रविवारी बदडून काढायचे' हे सांगायचं कसं? बसले गप. म्हणून आता लिहून राहिले. आणि खरं सांगू? आपलं एक भांडण अर्ध्यावर राहिलंय. ते मिटवल्याशिवाय मला लातूरला परत जाता येणार नाही.

तुमचं डायलिसिस सुरू झालं त्या उन्हाळ्यात मी माझं गेमचं मशीन उचलून नांदेडला आणलं. सोमवार आणि गुरुवार दवाखाना, बाकीचे दिवस तुम्ही छताकडं बघत पडायचे. दुकान बंद. मामी फोनवर म्हणाल्या, 'सुजाता, ह्यांचं काहीतरी कर ग, नुसतं माझ्या भाजीत चुका काढून राहिले.' लातूरला मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे, तिला रविवारी सुट्टी असते, तर सकाळची बस धरून आले आणि तुमच्या हातात गेमचा कंट्रोलर दिला. लढाईचा गेम. एकास एक, जो आधी पडेल तो हरला. मी तुम्हाला सलग सहा वेळा लोळवलं. तांब्याची तार ओढून ओढून तुमचा अंगठा चामड्यासारखा झालेला, त्या बारक्या बटणांवर तो मावायचाच नाही. तुम्ही उशी फेकून मारली मला.

'ह्या डब्बीवर कोन खेळतंय?' तुम्ही म्हणालात. 'दांडी आन. मंग बघ.'

तेव्हा कळलं की आयटीआयला असताना तुम्ही नाणं टाकायच्या मशीनवर खेळायचे. पार्लरवाल्याचं मशीन बिघडलं की दुरुस्त करायचे आणि बदल्यात फुकट खेळायचे. मला वाटलं, बढाई. मामा लोकांना बढाईची सवय असते.

तरी मी दांडी मागवली. जुन्या पार्लरच्या मशीनचा वरचा भाग कापून मांडीवर घ्यावा, तशी पेटी: डाव्या हाताला गोल बोंडाची दांडी, उजव्या हाताला आठ बटणं. चांगल्या दांड्या परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून सगळ्यात स्वस्तातली. लातूरच्या खोलीवर दिवसा कुलूप असतं, तर पत्ता तुमचा दिला. तीच चूक झाली. मी रविवारी पोचले तोवर तुम्ही ती उघडून ठेवली होती. खोका नाही, दांडीच! पलंगावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर स्क्रू आकारानुसार लावलेले, आणि तुम्ही चष्मा कपाळावर चढवून आत डोकावून राहिलेले.

'सुजे, तू हवा इकत घेतलीस,' तुम्ही म्हणालात. 'आत काहीच न्हाई.'

'मामा, मी एकदासुद्धा हात लावला नव्हता तिला!'

'बरं झालं. लावला असतास तर तुटली असती.'

पण बरोबर होतं तुमचं. पेटी इतकी हलकी की जोरात दांडी हाणली की टेबलावरून सरकत जायची. बटण दाबलं की रिकाम्या डब्यात खडा टाकल्यासारखा आवाज. दांडी तिरपी ढकलली तर तीनदा लागायची, चौथ्यांदा नाही. मी परत पाठवते म्हटलं. तुम्ही पेचकस माझ्या तोंडासमोर नाचवला आणि म्हणालात, 'आजवर जळकी मोटर कुनाला परत दिली का मी? हिला सुदीक नीट करून दाखवतो.' डायलिसिस लागल्यापासून इतका चढा आवाज मी तुमचा ऐकलाच नव्हता. मामी स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या आणि त्या दिवशी भाजीला कुणी नाव ठेवलं नाही.

तुम्ही दुकान उघडलंत ते त्या दांडीसाठी. जळक्या मोटरच्या गाभ्यातल्या लोखंडी पट्ट्या काढून पेटीच्या तळाला चिकटवल्या, वजन आलं. मोकळ्या जागेत फोम कोंबला, खडखड गेली. खालून सायकलची ट्यूब कापून लावली, सरकणं थांबलं. दांडीची स्प्रिंग तुम्हाला पटेना, तर ड्रिल मशीनच्या कार्बनब्रशमागची स्प्रिंग कापून बसवली. दर रविवारी मी यायचे आणि तुम्ही पेटी पुढं करायचे, 'हां, फिरव. आता कशी हाय?' मी म्हणायचे छान. तुम्ही म्हणायचे, 'छान म्हंजी काय? उजवीकडं जड लागती का न्हाई?' लागायची. मला कळत नव्हतं, तुम्हाला कळायचं.

आणि मग ते वार्निश.

त्या रविवारी मी आले तर दांडी गच्चीवर उन्हात ठेवलेली. तुम्ही तिची सगळी वायरिंग बदलली होती, एकेक टाक्याला सोल्डरिंगचा नवा डाग दिलेला, वायरी अशा बांधलेल्या की बघत राहावं. आणि वरून सगळ्यावर, मोटरच्या कॉइलवर देतात तसं, वार्निश ओतलं होतं. पाण्यानं, धुळीनं काही होऊ नये म्हणून. वार्निश वायरीवरून ओघळत बटणांच्या स्विचमध्ये गेलं आणि तिथंच वाळलं. वार्निश म्हणजे करंट अडवायची वस्तू. दांडी मशीनला जोडली. आठ बटणांपैकी सहा मेली. दांडी वर जाईना, खाली जाईना.

'मामा! ही काय पाणबुडी मोटर आहे का? विहिरीत सोडायचीय का हिला?'

'वार्निश दिल्याबिगर मी आजवर एक वस्तू दुकानाबाहेर सोडली न्हाई.'

'तुम्हाला यातलं काही कळत नाही!' मी म्हणाले. 'उगाच हात लावत जाऊ नका.'

तीस वर्षं ज्यांनी नुसत्या आवाजावरून मोटरचं दुखणं ओळखलं, त्या माणसाला मी म्हणाले, तुम्हाला कळत नाही. तुम्ही पेटी कापडात गुंडाळून कपाटावर ठेवली आणि पलंगावर जाऊन परत छताकडं बघत पडलात. मी त्या दिवशी माफी मागितली नाही. पुढंही कधी मागितली नाही. आपल्याकडं मामा-भाचीत माफी मागायची पद्धत नाही, आपण सरळ जेवायला बसतो. पण मागायला पाहिजे होती, मामा. आज मागते.

दोन आठवड्यांनी अन्वरभाईंचा फोन आला. तुमच्या शेजारच्या गाळ्यात झेरॉक्स मशीन दुरुस्त करणारे अन्वरभाई. म्हणाले, 'बेटी, तेरा मामू मेरे भंगार में हात डाल के बैठा है. जरा आ के देख, क्या चाहिए इसको.' मी आले तर तुम्ही दोघं जमिनीवर, भोवती मोडक्या झेरॉक्सचे सांगाडे. त्या मशीनच्या दारांना आतून बारके स्विच असतात. दार उघडं की बंद, ते त्यांना कळतं. तुम्ही एकेक काढून अंगठ्यानं दाबून कानाजवळ नेत होता. अन्वरभाई म्हणाले, 'कांबळे, ये स्विच दिन में हजार बार दबता, सालोंसाल कुछ नै होता इसको. ले जा.' तुम्ही बारा निवडले. चार दांडीला, आठ बटणांना.

ते स्विच बसवले आणि काय दांडी झाली ती! टिक टिक टिक, एकेक ठोका मोजून घ्या. बोंडाला बोट लावलं की पडद्यावरचा गडी पळायचा. माझ्या लॅबमधल्या एका पोराकडं भारीतली परदेशी दांडी आहे. मी आपली लातूरला नेऊन त्याला दाखवली. त्यानं दोन मिनिटं फिरवली आणि विचारलं, 'मॅडम, हे कुठल्या कंपनीचं?' मी म्हटलं, कांबळे आणि अन्वर, नांदेड. तो इंटरनेटवर शोधत बसला. तुम्हाला फोन करून सांगितलं तर तुम्ही तो किस्सा माझ्याकडून तीनदा वदवून घेतला.

डॉक्टरांनाही तुम्ही गुंडाळलंत. डायलिसिससाठी डाव्या हाताची नस तयार केलेली, त्या हातानं जड उचलायचं नाही, पण रबरी बॉल दाबत जा, असं त्यांनी सांगितलं होतं. तुम्ही विचारलं, 'डॉक्टर, बॉल दाबायच्याऐवजी फिरवला तर चालंल का?' ते म्हणाले, चालेल की. बॉल दांडीच्या टोकावर आहे, हे तुम्ही सांगितलंच नाही.

मग माझे वाईट दिवस सुरू झाले. बढाई नव्हती ती. तुम्ही गेममधला एकच गडी घ्यायचे, खांद्यावर हातोडा असलेला लोहार. त्याचा एकच हुकमी डाव: दांडी मागं ओढून धरायची, धरून ठेवायची, आणि समोरच्यानं श्वास घेतला की पुढं ढकलून बटण दाबायचं. मी गेममधली एक चपळ पोरगी घ्यायचे; लोहार असा सुटायचा की माझी पोरगी थेट भिंतीला. मला माहीत असायचं की येणार, आणि तरी लागायचा. मी घाबरून आठही बटणं एकदम दाबायचे, तर तुम्ही म्हणायचे, 'झाली हिची खिचडी सुरू.'

मी म्हटलं, तुमच्याकडं दांडी आहे, माझ्याकडं डब्बी, म्हणून हरते. तर तुम्ही तशीच दुसरी दांडी मागवायला लावली आणि दोन महिने खपून ती पहिलीसारखी केली. तितक्याच पट्ट्या, तीच स्प्रिंग, अन्वरभाईंचेच स्विच. दोन्ही पेट्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून वजन केलं तुम्ही! 'दोन्ही सारख्या पायजेत. न्हाईतर हरलीस की दांडीला नाव ठेवशील.' दुसरीला वार्निशही दिलंत, पण फक्त बाहेरून, ब्रशनं, माझ्याकडं बघत बघत.

मग नेम ठरला. दर रविवारी एक बाजी, जो आधी दहा सामने जिंकेल त्याची. मी हरायचे दहा-दोन, दहा-चार. एकदा दहा-सात झाले, तर तुम्ही दोन दिवस बोललात फोनवर, माझं काय चुकलं ते समजावून. लॅबमध्ये सुई टोचताना पेशंटला 'हात सैल सोडा' म्हणते ना मी, तसं तुम्ही मला म्हणायचे, 'सुजे, मनगट सैल सोड. लोहाराला घाबरू नको, त्यो काय खातो का तुला.' वर्षभर हरले मी. इतकं मन लावून कुणी मला हरवलं नाही, मामा.

आणि मग तो रविवार. तुम्ही बारीक झाला होतात, पाय सुजले होते, मामी म्हणाल्या आज नको खेळू. तुम्ही ऐकलं नाही. आठ-आठ झाले. नऊ-आठ झाले. आणि मग तुमचा लोहार आडवा, आणि पडद्यावर माझी पोरगी दोन्ही हात वर करून उभी. दहा-आठ. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तुमच्याकडं बघितलं. तुम्ही हसत होता. 'जिंकलीस ग सुजे,' म्हणालात आणि दांडी बाजूला ठेवली.

ते हसणं मला खटकलं. डब्बीवर हरलात तेव्हा उशी फेकून मारणारा माणूस हसतो कशाला?

'तुम्ही मुद्दाम हरलात,' मी म्हणाले.

'कामून हरू मी मुद्दाम?'

'माझी दया आली म्हणून. जाता जाता भाचीला खूश करून जावं म्हणून.'

जाता जाता! हे शब्द माझ्या तोंडातून गेले. मामी दारात उभ्या होत्या. तुमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

'सुजे,' तुम्ही म्हणालात, 'मी कुनाला फुकट जिंकू दिलं न्हाई. तुला तर मुळीच न्हाई.'

मी पिशवी उचलली आणि बसस्टँडवर गेले. अहमदपूर येईपर्यंत रागानं धुमसत होते. बुधवारी तुमचा फोन आला, 'रविवारी ये. परत खेळू.' मी म्हटलं, मुद्दाम हरणाऱ्याशी मी खेळत नाही. त्या रविवारी मी आले नाही. मंगळवारी तुम्ही गेलात.

आता विचार करा, मामा, मी काय घेऊन बसले होते. आयुष्यात एकदा तुम्हाला हरवलं, तर ते खरं की भीक, हे मला माहीत नाही. भीक असेल तर माझं वर्ष वाया. आणि खरं असेल तर मी तुम्हाला खोटं ठरवून, वर ते असं घाणेरडं बोलून, शेवटचा रविवार घालवला. दोन्हीकडून मीच मेले. जलदान विधीला लोक बोलत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. बाजी संपली की मशीन विचारतं, सामने जपून ठेवायचे का. त्या दिवशी मी सवयीनं 'हो' दाबलं होतं. जपून ठेवलेला सामना नंतर लावला की पडद्याच्या एका कडेला माझ्या आणि दुसऱ्या कडेला तुमच्या हाताची नोंद दिसते. कुणी दांडी कुठं ढकलली, कोणतं बटण कधी दाबलं, बाणांसकट, सगळं. तिथं खोटं चालत नाही. मुद्दाम हरणाऱ्याची कडा रिकामी दिसते, कारण त्यानं हात ढिला सोडलेला असतो.

काल सकाळी नाश्ता झाल्यावर मी तुमच्या खोलीत मशीन लावलं. आधी दोनदा बंद केलं. मग म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. आणि शेवटचा, अठरावा सामना लावला.

मामा! तुमची कडा रिकामी नव्हती. मुंग्यांची रांग लागावी तसे बाण पळत होते. वर, खाली, मागं, तिरपे. तुम्ही तीनदा लोहाराचा धक्का मारला, मी तीनदा अडवला. मग तुम्ही काय केलं? आठही बटणं एकदम! एकदा नाही, दोनदा! मला वर्षभर 'खिचडी' म्हणून चिडवणारे तुम्ही, तुम्ही खिचडी केली होती!

मी पलंगावरून उठून पडद्याजवळ गेले. माझा एक नीट फटका बसला असता तर तुमचा लोहार संपला असता, अशा ठिकाणी तुम्ही गेम थांबवला होता. मला आठवलं. तुम्ही पाणी मागितलं होतं. तुमचं पाणी मोजून असायचं, मी धावत जाऊन अर्धा पेला आणला. तुम्ही उजव्या हातानं नुसते ओठ ओले केले. डावा हात दांडीवरच होता. मला वाटलं, हात गळून गेला, तिथंच टेकवलाय. माझं मन भरून आलं होतं, मामा. तुमच्याकडं बघून मला रडू येत होतं.

आणि पडद्यावर काय दिसलं? गेम थांबायच्या आधी तुमच्या कडेला एक बाण, मागं. गेम परत सुरू झाला, तोच बाण, तसाच मागं. पाणी पिताना तुम्ही दांडी मागं ओढून धरली होती! एका हातात पेला, आजाऱ्याचं तोंड, आणि दुसऱ्या हातानं लोहार तयार! गेम सुरू झाल्या झाल्या, मी धड बसायच्या आत, तुम्ही तो सोडला.

'चोर!' मी रिकाम्या खोलीत ओरडले. 'मामा, चोर आहात तुम्ही!'

आणि मी अडवला होता तो. डोळ्यात पाणी असताना, अर्धी उभी असताना माझं मनगट सैल होतं आणि अडवायला दांडी आपोआप मागं ओढली गेली होती. अडवला, पुढं सरकले, तुमचा लोहार उचलला आणि आपटला. दहा.

तुम्ही मला काही दिलं नव्हतं. तुमच्यात होतं नव्हतं तेवढं सगळं लावून, वर लबाडी करून, तुम्ही मला हरवायला बघितलं. तुम्ही मला एवढं तोलामोलाचं समजलात! त्या दिवशीचं माझं बोलणं माफ करा, मामा. तुम्ही जात नव्हता, तुम्ही लढत होता.

माझा आवाज ऐकून मामी आतून धावत आल्या. मी हसतही होते आणि रडतही होते. 'काय झालं ग?' मी त्यांना सगळं सांगितलं, पेला, बाण, लोहार, सगळं. मामी पडद्याकडं बघत पलंगाच्या कडेवर बसल्या.

'त्या दिवशी तू गेलीस,' त्या सावकाश म्हणाल्या, 'अन् ह्यांनी ताटाला हात लावला न्हाई. मला वाटलं, तब्येत बिगडली. रातभर जीव टांगनीला लागला माजा. दुसऱ्या दिशी डॉक्टरलाबी सांगितलं.' मग त्यांनी कपाळाला हात लावला. 'हारले म्हनून जेवले न्हाईत व्हय!'

मी म्हटलं, 'हाव मामी. मी हरवलं त्यांना.'